"तो पाण्यात पडला तर मी काय करू?"

"रानातल्या तळ्यांवर आठ दिवस मासे धरायला जायचंय, दोघंच. तिथे रस्ता नाही, मोबाइल लागत नाही. आमचं निभेल का?" या प्रश्नात तळ्याच्या जागी कधी डोंगर असतो, कधी वाळवंट. मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि 'निभेल का' हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की अशाच एका जोडप्याचा अनुभव लिहून ठेवते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

तो लहानपणापासून गळ टाकणारा. पहिल्याच भेटीत त्याने सामानाची यादी टेबलावर ठेवली. छड्या, रीळ, दोऱ्यांची जाडी, आमिषांचे डबे, सगळं बारीक अक्षरात. तिचा उल्लेख एकाच ओळीत होता : 'तिची झोपायची पिशवी'.

"मी सामानातच आहे," ती म्हणाली.

"तुला यायचं नसेल तर सरळ सांग ना."

"नाही म्हणत नाहीये मी."

हो पण म्हणत नव्हती. आणि इथे मी चुकले. मला वाटलं, हा आवडीनिवडीचा मामला आहे. तो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत होडीत बसणार, ती कंटाळणार. म्हणून तासभर आम्ही वेळेची वाटणी करत बसलो. पहाट आणि संध्याकाळ माशांची, दुपार दोघांची. मासेही साधारण त्याच वेळांना जास्त खातात, त्यामुळे तो लगेच तयार झाला. मी खूश. निघताना दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "पण तो पाण्यात पडला तर मी काय करू?"

खरी गोष्ट दारात निघते, हे आमच्या धंद्यात कुणालाही विचारा.

पुढच्या वेळी मी तिला एवढंच विचारलं, होडीबद्दल तुम्हाला काय काय येतं? इंजिन सुरू करता येत नव्हतं. इंजिनाला अडकवलेली लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला का बांधतात, तेही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "अगं, मी पडलो की ती दोरी निसटते आणि इंजिन आपोआप बंद होतं. होडी तुला घेऊन पळून जात नाही." अर्ध्या मिनिटाचं काम. तिने मात्र कित्येक रात्री डोळ्यांसमोर पळणारी होडी पाहिली होती.

मग थंड पाण्याचा विषय निघाला. बर्फ नुकतं वितळलेलं असतं तेव्हा वर ऊन लागत असतं आणि पाणी चार-पाच अंशांवर असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शरीर गार पडून शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. त्याला हे सगळं ठाऊक होतं. "घाबरेल म्हणून सांगितलं नाही," म्हणाला. घाबरू नये म्हणून लपवणं हे प्रेमानेच होतं, मला शंका नाही. पण भीतीला आकार नसला की ती सगळी खोली व्यापते. तिने आकडे वहीत लिहिले आणि म्हणाली, "म्हणजे तासभर आहे माझ्याकडे. पण तू लाइफ जॅकेट घातलेलं असलं तरच."

"मला उत्तम पोहता येतं."

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर, बोटं बधिर होत असताना, घालता येत नाही. जॅकेट अंगावर, होडी उलटली तर होडी सोडायची नाही, आणि मदत मागायचं उपग्रहाचं यंत्र सामानात न ठेवता जॅकेटच्या खिशात. त्याच्या बहिणीकडे नकाशा आणि परतण्याची तारीख द्यायची, कुठल्या वेळेपर्यंत खबर आली नाही तर शोध सुरू करायचा तेही लिहून. हे दहा मिनिटांत ठरलं.

वेळ लागला तो शेवटच्या कलमाला : दोघांपैकी कुणीही 'परत' म्हटलं की परत, कारण न विचारता. त्याने मान हलवली, जरा फारच पटकन. म्हणून मी सुचवलं, आधी जवळच्या एखाद्या तळ्यावर एक रात्र जाऊन या.

गेले. दुपारी वारा सुटला, लाटा उठायला लागल्या, ती 'परत' म्हणाली. त्याने होडी वळवली, पण काठावर तासभर बोलला नाही. आणि झालं काहीच नाही. वारा पडला, तळं आरशासारखं झालं. वादळ आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

"मासे खायला लागले होते," तो माझ्यासमोर म्हणाला. "आणि उगाच परत आलो."

"उगाच म्हणालास ना, आता पुढच्या वेळी मी बोलणारच नाही," ती म्हणाली.

ही आमची सगळ्यात कामाची भेट. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "तुला नेमकं काय दिसलं?" तिला लाटांचे पांढरे शेंडे दिसले होते. तो छडीकडे बघत होता, ती पाण्याकडे. त्याने ते मान्य केलं, थोडं कुरकुरत. होडीत एकाने पाण्याकडे बघायलाच हवं, हे यादीत चढलं, तिच्या नावासमोर.

आठ दिवसांचा बेत पाच दिवसांवर आला. इंजिन आता ती सुरू करते आणि गळाचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट करणंही तिच्याकडेच आलं आहे. मासा सोडताना इजा कमी होते, आणि गळ बोटात रुतला तर चटकन निघतो. पहाटे चारला उठण्यावरून मात्र अजून भांडण आहे. त्यात मी पडले नाही.