सरतपास दाखल झाल्यावर वाटपाच्या दाव्यात राहिलेला गट घालता येतो का?

तुम्ही लिहिलंय की वाटपाचा दावा चालू आहे, वादपत्रात एक गट राहून गेला, आणि सरतपासाचं शपथपत्र (आपल्या बाजूची साक्ष लेखी देतात ते) दाखल झाल्यामुळे वकीलसाहेब दुरुस्तीला नको म्हणताहेत. गट घालता येतो, पण आता घाम गाळावा लागेल.

मी वकील नाही. तालुक्याच्या कोर्टात एका वकिलांकडे 22 वर्षं कारकुनी करतोय, दुरुस्तीचे अर्ज टाईप करण्यातच निम्मी गेली.

दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 6 नियम 17 म्हणतो की दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर दुरुस्तीची परवानगी देता येते. 1 जुलै 2002 पासून त्याला शेपूट लागलं: ट्रायल सुरू झाल्यावर दुरुस्ती नाही, मात्र योग्य दक्षता घेऊनही ती बाब आधी मांडणं शक्य नव्हतं असं कोर्टाला पटलं तर चालेल. आणि सरतपासाचं शपथपत्र दाखल झालं की ट्रायल सुरू, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2008 मध्ये विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालात धरलं. तुमच्या वकिलांची भीती तिथली.

बहुतेक अर्ज पडतात ते ‘नजरचुकीने राहून गेले’ या वाक्यावर. अहो, दक्षता घेतली नाही अशी ती आपणच दिलेली कबुली! चूक झाली हे कोर्टाला दिसतंच. आधी का कळली नाही, ते तारखांसह सांगा.

आमच्याकडे अगदी असाच दावा होता. आजोबांच्या खरेदीखतात जुना सर्व्हे नंबर, जमिनींच्या एकत्रीकरणात त्याचा गट नंबर भलताच झालेला, आणि सातबारा एकट्या चुलत्यांच्या नावावर. जुना फेरफार हातात आल्यावर वादीला पत्ता लागला. नक्कल मागितल्याची तारीख, मिळाल्याची तारीख, सोबत नक्कल, असं सगळं अर्जात घातलं. समोरच्यांनी म्हणणं दिलं: ‘सर्व मिळकती दाव्यात घेतल्या नाहीत, हे आम्ही कैफियतीतच (दाव्याच्या लेखी उत्तरातच) सांगितलं होतं, वादी झोपला होता का?’ आमच्या साहेबांनी एवढंच विचारलं, कोणती मिळकत, ते लिहिलंत का? नव्हतं लिहिलं. अर्ज मंजूर झाला, वर 2,000 रुपये कॉस्ट, म्हणजे समोरच्यांना द्यायचा खर्च. म्हणून आधी समोरच्यांची कैफियत काढून वाचा. त्यात तुमचा गट नंबर छापील असेल, तर त्या तारखेपासून आजपर्यंतचा खुलासा द्यावा लागेल.

युक्तिवादाला जुना आधारही आहे. किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा, मुंबई हायकोर्ट, 1909: समोरच्यावर अन्याय होत नसेल आणि खरा वाद मिटवायला गरजेची असेल, तर दुरुस्ती द्यावी. सुप्रीम कोर्ट आजही हा निकाल उचलून धरतं. शिवाय वाटपात एक गट बाहेर राहिला तर उद्या दुसरा दावा उभा राहतो, तो कोर्टालाही नको असतो.

अर्जात नेमका मजकूर द्या: ‘कलम 1 नंतर 1-अ घालावे’, खाली गट, क्षेत्र, चतुःसीमा. मूल्यांकनाचं कलम आणि कोर्ट फी विसरू नका. त्या गटाच्या सातबाऱ्यावर तिऱ्हाईताचं नाव असेल तर त्याला पक्षकार करायचा अर्जही सोबतच.

मंजुरीनंतर लोक निवांत होतात, आणि तिथेच फसतात. आदेशात दिलेली मुदत, नसेल तर 14 दिवस, एवढ्यात दुरुस्ती प्रत्यक्ष करायची असते. आमच्याकडे मूळ वादपत्रात लाल शाईने लिहितात, समासात सही-तारीख, मग दुरुस्त प्रत. एक पक्षकार पुढच्या तारखेची वाट बघत बसला, ती पडली दोन महिन्यांनी. मग मुदतवाढीचा वेगळा अर्ज आणि पुन्हा कॉस्ट.

नामंजूर झालं तर अपील नाही; संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली हायकोर्टात रिट अर्ज. तुमचा उलटतपास अजून सुरू झाला नसेल, तर पुढच्या तारखेलाच अर्ज द्या.