पेटी लपवा, पण मुंबईत जरा जपून

प्रश्न : टपालकाका, नमस्कार. आमच्या सोसायटीतल्या नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीत जंगलवाटेवर गुप्तहेरीचा खेळ ठेवायचा आहे. परदेशात ‘लेटरबॉक्सिंग’ म्हणून शिक्क्यांचा खेळ असतो असं भाच्याकडून कळलं. गोष्ट तयार आहे. सोसायटीच्या गणपतीचा चांदीचा मोदक गायब, संशयित सहा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शिलोंड्याच्या वाटेवर आदल्या दिवशी डबे पुरून ठेवावेत म्हणते. चालेल ना? आणि एवढे रबरी शिक्के कुठून करून आणू? चपळ मुलं पुढे पळून सगळं शोधून टाकतात, त्याचंही काही सांगा.
– एक मावशी, गोरेगाव पूर्व

उत्तर : ताई, मोदक गेला तो झकासच, पण डबे पुरायचा बेत आजच रद्द करा. नॅशनल पार्क १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. तिथे खणणं आणि सामान ठेवून येणं बसत नाही. शिलोंड्याला परवानगी काढून, पार्कचा मार्गदर्शक घेऊन जायचं. शिवाय बिबट्याच्या रानात पोरांना ‘वाट सोडा आणि दगडाच्या फटीत हात घालून बघा’ असं सांगायचं? दिवाळीत गवत अजून उभं असतं. त्यात घोणस बसली असेल तर तिला तुमच्या मोदकाशी काय देणंघेणं!

हा खेळ मूळचा इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावरचा. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दलदलीतल्या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर जो पोचेल त्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं. पुढे बाटलीच्या पेट्या झाल्या, आज त्या माळावर हजारो आहेत. पेटीत एक शिक्का आणि एक वही. शोधणाऱ्याकडे स्वतःचा शिक्का आणि स्वतःची वही. पेटीतला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला पेटीतल्या वहीत, आणि पेटी होती तशी परत ठेवायची. खजिना वगैरे काही न्यायचा नाही, ठसा तेवढा न्यायचा. उभा जन्म शिक्के मारण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला हा खेळ न आवडला तरच नवल.

पण तो ओसाड माळ आहे, म्हणून पेटी दगडाखाली वर्षानुवर्षं राहते. मुंबईत झुडपात बंद डबा दिसला तर काय होईल? ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही लोकलमधली घोषणा ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. कुणीतरी ११२ ला फोन लावणार, आणि बरोबरच करणार.

तेव्हा पेटी लपवूच नका. ती मोठ्या माणसाच्या पाठपिशवीत ठेवा. लपवायची ती जागा. मुलांनी कोडं सोडवून नेमकं झाड किंवा नेमका खांब गाठायचा, ‘हेच’ का ते सांगायचं, मग पिशवीतून पेटी बाहेर. अट एकच, टोळीतलं शेवटचं पोर पोचल्याशिवाय पिशवीची चेन उघडणार नाही. तुमच्या चपळ मंडळींचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला. अशा रीतीने शिलोंड्यालासुद्धा खेळता येईल, फक्त मार्गदर्शकाला आधी विश्वासात घ्या आणि वाट सोडू नका.

पहिल्या खेपेला मात्र मी राणीची बाग घेईन. १८६० च्या दशकातली बाग आहे, झाडं एकापेक्षा एक नामी. ‘याची फुलं फांदीला लागत नाहीत, खोडालाच लगडतात’ असं लिहून द्या आणि पोरं कैलासपती शोधतात का बघा. ‘झाडापेक्षा पोटच मोठं’ म्हणजे गोरखचिंच. प्राण्यांच्या बाजूला मात्र फिरकू नका. पेंग्विन दिसले की मोदकाची चौकशी बंद पडते. माहीमचं निसर्ग उद्यानही छान. ते उभं आहे ती जागा एकेकाळी कचरा टाकायची होती, यावर एखादं कोडं सहज निघेल. कुठेही जा, आधी तिथल्या कार्यालयात सांगून ठेवा.

कोड्यात ‘वीस पावलं चाला’ लिहू नका. नऊ वर्षांच्या मुलीची वीस पावलं आणि बारा वर्षांच्या मुलाची वीस पावलं दोन वेगळ्या झाडांपाशी संपतात आणि तिथे भांडण सुरू होतं. होकायंत्र खुशाल द्या. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, हिशेबाची कटकट नाही. फक्त लोखंडी बाकावर किंवा कठड्यावर ठेवून वाचू देऊ नका, काटा भलतीकडेच बघेल.

आता चोर कसा पकडायचा? इथे टपालातली अक्कल चालवा. आमच्याकडे पत्र कुठल्या दिवशी कुठे होतं याची साक्ष शिक्का देतो. सहाही संशयितांना एकेक शिक्का द्या : सेक्रेटरींना किल्ली, मांडववाल्यांना बांबू, फुलवालीला झेंडू, असं काहीतरी. सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘आम्ही त्या दिवशी पूर्ण वाट चाललो.’ प्रत्येक पेटीतल्या वहीत त्यांचे ठसे तुम्ही आधीच मारून ठेवायचे. मांडववाले म्हणतात मी सर्वांत पुढे होतो. पहिल्या तीन पेट्यांत बांबू सगळ्यांच्या वर आहेही. चौथ्या वहीत तोच बांबू एकदम तळाला, म्हणजे मधे गडी कुठेतरी थांबला होता! एखाद्या वहीत फुलवालीचा झेंडू गाळूनच टाका, मुलं आधी तिच्यावर तुटून पडतील. तिच्यासाठी एक भक्कम सबब तयार ठेवा.

शिक्के विकत कशाला? पांढरं मऊ खोडरबर आणा. बटर पेपरवर गडद पेन्सिलीने चित्र काढायचं, कागद उलटा करून रबरावर दाबून घासायचा. चित्र आपोआप उलटं उमटतं, म्हणजे शिक्का सुलट येतो. मग रेघ सोडून बाकीचं रबर कोरून काढायचं. कटर मोठ्यांच्याच हातात. नाव कोरायचा मोह आवरा, कारण आपली शिरोरेघ बारीक झाली की तुटते आणि जाड ठेवली की अक्षर बुजतं. ठसा मारताना पॅडवर शिक्का हलके टेकवा, कागदावर मात्र सरळ दाबा, डुलवू नका. आणि आपल्या दमट हवेत शाई लवकर वाळत नाही, वही पटकन मिटली तर संशयित समोरच्या पानावरही हजर!

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. आमच्या हेरगिरीच्या खेळात बोटांचे ठसे घ्यायचे आहेत. पावडर कुठली वापरू?
– एक वाचक, परळ

उत्तर : पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड कर. काचेच्या पेल्यावर ठसा असेल तिथे मऊ ब्रशने अगदी हलकेच फिरव, वर सेलोटेप चिकटव, उचल आणि पांढऱ्या कागदावर लाव. ठशांचे ढोबळ प्रकार तीन. आजी ज्यांना शंख आणि चक्र म्हणते ते दोन, तिसरी कमान. शंख सर्वांत जास्त आढळतो, कमान सर्वांत कमी. म्हणून चोराला कमान देऊ नकोस, पहिल्याच पेल्यावर पकडला जाईल. आणि मित्रांना ऐकवायला एक गोष्ट : ठशांची नोंद ठेवणारी जगातली पहिली कचेरी १८९७ साली आपल्याच देशात, कोलकात्याला निघाली. पेला मात्र आईला विचारून घे आणि नंतर तूच घास.