पळायला लागण्याआधी नाडी मोजायला शीक

ठाण्याच्या तलावपाळीला परवापासून फेऱ्या मारायला येतोयस. काल थांबल्यावर म्हणालास, "दादा, छाती फार धडधडते, पण होतं असं." पळताना ठोके वाढणारच. मात्र बसल्या जागी, काही कारण नसताना ते मिनिटाला 100 च्या वर जात असतील तर सोडून देऊ नकोस.

तुझे काका चाळिशीआधीच अचानक गेले, हे तू सहज बोलून गेलास. मला रात्रभर तेच आठवत होतं. घरात असं घडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय येऊरच्या डोंगराचा चढ पळायचा नाही. यात मी ऐकून घेणार नाही.

रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन एकदा तपासून घे. घोरतोस का, हेही घरी विचार. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा, धोका जास्त असतो, आणि त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. माझा आजार घोरण्यावरूनच सापडला.

शनिवारची दारू, तंबाखू, एनर्जी ड्रिंक बंद. सर्दीच्या काही गोळ्यांनीही ठोके वाढतात. जुलाब झाले असतील तर बरं वाटेपर्यंत पळू नकोस, अंगातलं पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं आणि त्याने ठोके बिघडतात.

आणि धडधडीबरोबर चक्कर आली, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपल्यासारखं झालं, तर रिक्षा शोधत बसू नकोस. सरळ 108 ला फोन कर.