बीबीसी रेडिओ ४ वर रविवारी एवढी सरमिसळ का असते? नवख्याने त्यातलं काय ऐकावं, काय सोडावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच ब्रिटनमध्ये आलात, इंग्रजी कानावर पडावं म्हणून रविवारी रेडिओ ४ लावून ठेवता. पण पहाटे चर्चच्या घंटा, मग उपासना, मग राजकारण, मग खेड्यातली मालिका, दुपारी बागेतल्या गोगलगाई. या लोकांना काही ताळतंत्र आहे की नाही? अगदी हेच माझ्या दिरांनी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून ऐकवलं होतं. तेव्हा उत्तर जरा लांबणार.

ताळतंत्र आहे. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ कडक धार्मिक माणूस. त्यांच्या काळात रविवारी सकाळी, चर्चच्या वेळेत, रेडिओ चक्क बंद असायचा आणि नंतर सुरू झाला तरी सगळं गंभीर. लोक वैतागून 1930 च्या दशकात रेडिओ लक्झेंबर्गची गाणी ऐकायला पळाले. रेडिओ ४ हा 1967 चा, तोवर ते सोवळं बरंच सुटलं होतं. पण घंटा आणि सकाळची उपासना टिकली. बाकी दिवस मग घरातल्या प्रत्येकाला काहीतरी मिळावं असा लावलेला. न निवडता ऐकायचं, ही त्यातली खरी गंमत. आणि दिरांना तेवढंच पटत नाही.

याच गमतीची एक गोष्ट सांगते. आमच्या परसात अंजीर आहे, ब्राउन टर्की जातीचं. मी ते कुंडीत लावलं होतं, थोडी का होईना फळं धरायचं. सासूबाईंचं माहेर पुरंदर तालुक्यातलं, मामांची अंजिराची बाग, त्यामुळे अंजीर म्हटलं की दीर जन्मजात तज्ज्ञ. एका उन्हाळ्यात राहायला आले आणि मी कामावर गेलेली असताना झाड कुंडीतून काढून मोकळ्या जमिनीत लावून मोकळे झाले. "वहिनी, झाडाला असं कोंडून ठेवल्यावर ते फळणार कसं? खट्टा बहार, मीठा बहार, अंजिराचे दोन्ही हंगाम आम्ही लहानपणापासून बघतोय." झालं. झाड नुसतं माजलं. पानं इतकी की खाली कोथिंबीर उगवेना, फांद्या कुंपणावरून शेजाऱ्यांकडे. अंजीर मात्र औषधाला नाही. विषय काढला की उत्तर ठरलेलं: धीर धरा.

पुढे एका रविवारी ते आलेले होते. मी कणीक मळत होते, एकच्या बातम्या संपल्या होत्या. दिरांनी फोन पुढे केला. त्यांनी स्वतःच्या आवडीचं सगळं निवडून ओळीनं लावून ठेवलं होतं, म्हणजे राजकारण आणि पैसा, दुसरं काही नाही. "हे लावतो. त्या बागवाल्यांचं कोण ऐकतंय?" मी म्हटलं, माझे हात भरलेत, पण रेडिओला हात लावायचा नाही. 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम' लागला. हा कार्यक्रम 1947 पासून चालू आहे. कुठल्यातरी गावच्या सभागृहात लोक जमतात, प्रश्न विचारतात, जाणकार उत्तरं देतात. त्या दिवशी कुणीतरी विचारलं, आमच्या अंजिराला पानंच पानं, फळ का नाही?

उत्तर आलं: मुळं आवळून ठेवा. मोकळी जमीन मिळाली की अंजीर पानांच्या मागे लागतं. खड्डा साधारण 60 सेंटिमीटरचा, चारही बाजूंनी फरश्या उभ्या लावायच्या, नाहीतर सरळ कुंडीत ठेवायचं. मी पिठाच्या हातानंच आवाज वाढवला. दीर आमटी वाढून घेत होते, पळी तशीच वर राहिली. मग म्हणाले, "इथली माती वेगळी." आजतागायत एवढंच म्हणालेत.

त्यांच्या फोनवरच्या ओळीत हा कार्यक्रम जन्मात आला नसता.

आता तुमचं. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' ऐकाच. 1942 पासून चालू आहे. पाहुण्यानं निवडायचं: निर्जन बेटावर न्यायला आठ गाणी, एक पुस्तक, एक चैनीची वस्तू. पाहुणा सावकाश, स्वतःबद्दल बोलतो, त्यामुळे इंग्रजी पकडायला सोपं जातं. 'द आर्चर्स'चा आठवड्याचा एकत्र भाग लगेच लावू नका. 1951 पासून देशभर चालू असलेली मालिका, मुळात शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोचावी म्हणून काढलेली. कोण कुणाचा मेहुणा हे कळेपर्यंत ऋतू बदलतो. रात्रीचा राजकारणाचा 'वेस्टमिन्स्टर अवर' खुशाल सोडा, झोपा. संध्याकाळी सहाच्या आधी जहाजांसाठी समुद्राचं हवामान सांगतात: व्हायकिंग, डॉगर, फिशर, जर्मन बाइट. अर्थ लागला नाही तरी उच्चार शिकायला याच्यासारखं काही नाही. एकूण 31 सागरी विभाग, वाऱ्याची दिशा, जोर, दृश्यमानता, ठरल्या क्रमानं. सकाळी आठच्या जरा आधी एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी मदतीचं आवाहन असतं, तीनेक मिनिटांचं. पाकीट जवळ ठेवू नका.

वेळा मात्र बदलत राहतात. एप्रिल 2024 मध्ये 'आर्चर्स' दहावरून अकराला नेला तेव्हा केवढी ओरड झाली. आणि हो, बहुतेक सगळं नंतर बीबीसी साउंड्स या त्यांच्या अ‍ॅपवर मिळतं, कामाच्या पाळ्या असतील तर तेच बरं. निवडून ऐकणाऱ्यांशी माझं भांडण नाही, दुसऱ्याचा रेडिओ बंद करणाऱ्यांशी आहे. आणि न विचारता दुसऱ्याची झाडं हलवणाऱ्यांशी.

भाऊजी हे वाचतीलच, म्हणून इथेच सांगते: पुरंदरला हिवाळ्यात बर्फ पडत नाही, तिथला नियम इथे लावू नये. झाडाची पानं गळून गेली की ते उकरायचं आहे. फरश्या मी आणून ठेवल्यात, खड्डा तुम्ही खणायचा.