बेळगावहून समुद्राकाठचा निवांत दोन दिवसांचा रस्ता कोणता?

मालवणपर्यंत धावू नका, दोन दिवसांत नुसतं ड्रायव्हिंग होईल. आमचा ठरलेला फेरा सांगतो : शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी करून वेंगुर्ला. पहाटे निघाला तर दुपारच्या माशाच्या ताटाला पोचता. मुक्काम तिथेच.

दुसरा दिवस खरा मजेचा. वेंगुर्ल्याहून किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेला मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी. अंतर किरकोळ, पण दर वळणावर थांबावंसं वाटतं. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात, ते बघाच. शिरोड्याला मिठागरं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. रेडीचा गणपती १९७६ साली खाणीत सापडला.

पुढे तेरेखोलचा किल्ला. तो नदीच्या उत्तरेला असूनही गोव्यात मोडतो! (सीमेचे असले घोळ आपल्याला नवे नाहीत म्हणा.) तिथून फेरीबोटीने गाडीसकट केरीला उतरा, साखळी गाठा आणि चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटीमार्गे घरी. फेरीची वेळ आधी विचारून ठेवा, आणि पावसाळ्यात अंधार पडल्यावर चोर्ल्यात शिरू नका. धुक्यात समोरची गाडीसुद्धा दिसत नाही.