पितृपक्षात कागद, दसऱ्याला पेढे

प्रश्न : कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत १९८९ सालची, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी हे गेले. आता गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून घर विकून नाशिकला मुलीजवळ जायचं ठरवलंय. एजंट म्हणतो, गणपतीत जाहिरात टाकू, दसऱ्यापर्यंत घर जाईल. शेजारच्या म्हणतात, आधी रंग देऊन घ्या. मुलगा म्हणतो, मध्ये पितृपक्ष येतोय, दिवाळी होऊन जाऊ दे. कोणाचं ऐकू?

उत्तर : एजंटचं अर्धं ऐका. मुलाचं ऐकू नका. आणि रंगाचं तर आत्ता नावच काढू नका.

पण तुम्ही पत्रात जे लिहिलंच नाहीत ते आधी विचारते. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर यजमानांचं एकट्याचं नाव असेल आणि तुम्ही नॉमिनी असाल, तर सोसायटी तुमचं नाव लावून घेईल. मालकी मात्र तेवढ्याने तुमची होत नाही. मृत्युपत्र केलेलं नसेल तर तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई हयात असतील तर त्यासुद्धा, असे सगळे वारस. एकतर सगळ्यांनी विक्रीच्या करारावर सह्या करायच्या, नाहीतर बाकीच्यांनी तुमच्या नावे हक्कसोडपत्र करून ते नोंदवायचं. हे आधी झालं नाही तर काय होतं ते दर वर्षी बघते. दसऱ्याला पेढे वाटून होतात, घेणाऱ्याची बँक कागद मागते आणि दिवाळी संपली तरी कर्ज अडकलेलंच असतं. तोवर दुसरं गिऱ्हाईक पळालेलं असतं.

म्हणून पितृपक्षाचा पंधरवडा मला फार आवडतो. त्या दिवसांत कोणी घर बघायला येत नाही, टोकन द्यायचं तर नावच नको. वकील त्यातल्या त्यात मोकळे असतात, मुलगी पक्षासाठी माहेरी येतेच. तेव्हाच हक्कसोडपत्र उरका. बिल्डरबरोबर झालेला मूळ करार, त्याची नोंदणीची पावती, शेअर सर्टिफिकेट, यजमानांचा मृत्यूचा दाखला, घरपट्टीची चालू वर्षाची पावती आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, एवढं एका फाइलमध्ये लावा. हक्कसोडपत्र करायला पक्ष वाईट, असं कुणी म्हणालंच तर सांगा, ज्यांचं घर त्यांच्याच नावाचे हे दिवस आहेत.

सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला असेल तर त्याची प्रतही फाइलमध्ये ठेवा. कोथरूडमधल्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न तोच असतो. ठराव झालेला नसेल तर ‘होणार आहे’ असं सांगू नका. माणूस खाली उतरताना चेअरमनना विचारूनच जातो. आणि ट्रान्सफरसाठी कमिटीने लाखभर मागितले तर घाबरू नका. शहरात हस्तांतर शुल्काची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘ऐच्छिक देणगी’ हा शब्द त्यापुढे आला की हसून विषय बदला.

आता रंग. भाद्रपदात भिंत ओली असते. ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की महिन्याभरात पोपडे धरतात, आणि ते नेमके घर बघायला आलेल्याच्या डोळ्यासमोर. शिवाय नवा रंग बघून जाणता माणूस विचारतो, काय झाकलंय? तिसरा मजला शेवटचा असेल तर ते पैसे गच्चीवर घाला. पाणी कुठून येतं ते शोधून गळती बंद करा, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळू द्या, आणि फक्त डाग पडलेल्या भिंतींना हात मारून घ्या. तोवर रंगारी मिळणंही मुश्किल होतं, दिवाळीआधी ते सगळीकडे गुंतलेले असतात, तेव्हा आत्ताच सांगून ठेवा. थेंब थेंब गळणारे नळ बदला. बघायला येणारा माणूस नळ सोडून बघतोच, कितीही दिवे लावलेत तरी.

माळ्यावरचं सामान मात्र आत्ताच काढा. यजमानांची पुस्तकं, जुनी कपाटं, मुलांच्या लहानपणीच्या गाद्या, हे बघायला येणाऱ्याला खोली लहान करून दाखवतात. काढताना त्रास होईल, मुलीला बोलावून घ्या. फोटो दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात काढा. आकाशकंदील लावून काढलेले फोटो डिसेंबरमध्ये शिळे दिसतात.

आणि कराचं. हे घर २००१ च्या आधीचं आहे, तेव्हा १ एप्रिल २००१ रोजीची त्याची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. तुमच्यासारख्या आधीपासून घर असलेल्यांना महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करायची मुभाही आहे. सीएकडून दोन्ही मांडून घ्या, कमी येईल तो भरा. नाशिकला स्वतःच्या नावे घर घेणार असाल तर विक्रीपासून दोन वर्षांत घ्या, करात सवलत मिळते. मुलीच्या नावे घेतलंत तर ती सवलत मिळेल असं धरून चालू नका.

प्रश्न : आमचा ठाण्याचा फ्लॅट घेणारे गृहस्थ म्हणतात, नोंदणी दसऱ्यालाच करायची, आणि टोकन रोख देतो, ‘मुहूर्ताचं रोखच असावं’. काय करावं?

उत्तर : दसऱ्याला सरकारी सुट्टी असते, त्यांच्या मुहूर्तासाठी दुय्यम निबंधक कचेरी उघडणार नाही. त्यांना मुहूर्तच साधायचा असेल तर मुद्रांक शुल्काचं चलान आधी भरायला सांगा, करारावर सह्या दसऱ्याला करा आणि नोंदणी नंतरच्या सोयीच्या दिवशी. सहीपासून चार महिने मुदत असते, पण तेवढं ताणू नका.

रोख घेऊ नका. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणजे तो तुम्हाला. बँक बंद असली तरी आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू असतं, मुहूर्ताच्या मिनिटाला पैसे येतील. फारच हट्ट असेल तर सव्वा रुपया रोख घ्या आणि देवापुढे ठेवा. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर ते १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या वतीने आधीच भरायचा कर, कापूनच पैसे देतील. तो आयकर खात्याकडे तुमच्या नावावर जमा दिसेपर्यंत विचारत राहा.

प्रश्न : वडिलांचं घर माझ्या आणि न्यूजर्सीत राहणाऱ्या भावाच्या नावावर आहे. तो दिवाळीला दोन आठवडे येतोय. तेवढ्यात विक्री उरकता येईल?

उत्तर : गिऱ्हाईक आधी ठरलं असेल आणि भावाचं पॅन कार्ड चालू असेल तर सह्या उरकतील. अडतं ते टीडीएसवर. परदेशात राहणाऱ्याच्या हिश्शावर घेणाऱ्याला १ टक्का नाही, बराच जास्त कर कापावा लागतो, आणि तोही नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर. कमी कापावा म्हणून आयकर खात्याकडून प्रमाणपत्र मिळतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून भावाला विमानाचं तिकीट काढायच्या आधी सीएला फोन करायला सांगा.

दिवाळीच्या आठवड्यात घेणाऱ्याची बँक कर्जाचा चेक देईल यावर विसंबू नका. करार भावाच्या समोर करा आणि उरलेल्या सह्यांसाठी तो इथे असतानाच तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र नोंदवून घ्या. तिकडे गेल्यावर करायचं म्हटलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, ते इकडे पाठवा, आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरा, एवढं सगळं होतं.

प्रश्न : लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीच घर बघायला येतो म्हणतात. हो म्हणू?

उत्तर : नाही म्हणा. पाटावर दागिने आणि पैसे मांडलेले असताना अनोळखी माणसं घरात कशाला? चकल्यांचा घाणा चालू असेल त्या दिवशीही नको, स्वयंपाकघर बघताच येत नाही. पाडव्याला सकाळी बोलवा. साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा आहे, माणसं आईवडिलांना घेऊन येतात. फराळ पुढे ठेवा, किंमत मात्र फराळाच्या ताटावर कमी करू नका.