वॉटर्लू किंवा पानिपतसारखी लढाई समजून घ्यायला बोर्डगेम चांगला की व्हिडिओ गेम?

तुम्ही ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा व्हिडिओ गेम भरपूर खेळलात, आणि आता मित्र म्हणतोय की खरी लढाई कळायची तर पट मांडून बसायला हवं. मी दोन्ही खेळतो. माझं मत विचाराल तर स्क्रीन की पट हा वाद बाजूला ठेवा आणि खेळ तुमच्यापासून काय लपवतो ते आधी बघा.

वॉटर्लूच घ्या. 18 जून 1815. आदल्या रात्रीच्या पावसाने झालेला चिखल थोडा वाळावा म्हणून नेपोलियनने हल्ला जवळजवळ दुपारपर्यंत लांबवला. वेलिंग्टनच्या इंग्रज-मित्र फौजेच्या मदतीला येऊ शकणाऱ्या प्रशियनांच्या मागावर त्याने आपला सरदार ग्रूशी याला सुमारे 33,000 सैनिक देऊन आधीच धाडलं होतं. प्रशियन सेनापती ब्लूखर दुपारनंतर येऊन पोचणार हे आज शाळकरी पोरालाही माहीत असतं, त्यामुळे फ्रेंच बाजू घेणारा सकाळीच सगळं सैन्य वेलिंग्टनवर सोडतो आणि स्वतःला नेपोलियनपेक्षा शहाणा समजतो. पेपर फुटल्यावर पहिला नंबर आला, त्यात काय विशेष!

यावर 1974 साली निघालेल्या ‘नेपोलियन’ या पटखेळाने छान तोड काढली. सोंगट्यांऐवजी उभे लाकडी ठोकळे, चिन्हाची बाजू मालकाकडे. समोरच्याला नुसती कोरी पाठ दिसते. येणारा ठोकळा प्रशियन घोडदळाचा की तगड्या पायदळाचा, हे भिडेपर्यंत कळत नाही. ठोकळ्याने मार खाल्ला की तो पाव फेरी फिरवायचा, वरच्या कडेला येईल ती उरलेली ताकद. ग्रूशीला कुठे पाठवायचं हा निर्णय इथे खरोखर घाम फोडतो.

व्हिडिओ गेममध्ये ही लपवाछपवी आपोआप होते. टोटल वॉरमध्येही झाडीत दडलेली पलटण दिसत नाही. पण कॉम्प्युटर शत्रूबरोबर हिशेबही लपवतो. आपली पलटण का पळाली, हे बऱ्याचदा अंदाजानेच ठरवावं लागतं. पटावर दोन्ही बाजूंचं बळ, समजा तीनास एक, स्वतः मोजून नियमांतल्या तक्त्यात निकाल शोधावा लागतो, म्हणून एक तुकडी राखीव ठेवण्याची किंमत बोटांना कळते. एवढ्यापुरता तुमचा मित्र बरोबर आहे. पट महाग पडतात म्हणाल तर ‘व्हॅसल’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यावर असे बरेच पट ऑनलाइन मांडता येतात.

पानिपतचा मात्र कुठलाही खेळ घेताना तो कोणत्या तारखेला सुरू होतो ते पाहा. फक्त 14 जानेवारी 1761 मांडली असेल, तर गारद्यांच्या तोफा आणि भाऊसाहेबांची हुजुरात (खास घोडदळ) हलवण्यापलीकडे हातात काही उरत नाही. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तुटला. डिसेंबरमध्ये अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले पडले. मराठ्यांची छावणी उपाशी होत गेली ती या महिन्यांत. त्यामुळे धान्याची गाडी हीही सोंगटी असेल असा खेळ हवा, मग तो दिसायला कितीही कंटाळवाणा असो.

आणि पुण्यात राहता, तर खडकीची लढाई घरी का बनवत नाही? 5 नोव्हेंबर 1817. दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहतोय, बापू गोखल्यांचं घोडदळ गणेशखिंडीच्या बाजूने इंग्रजांच्या कर्नल बर याच्या फौजेवर तुटून पडलंय. इंग्रजांकडे तीन हजारांच्या आत माणसं, मराठे त्यांच्या कितीतरी पट. पण मध्ये दलदल होती, घोडे तिच्यात रुतले आणि हल्ल्याचा जोर तिथेच मोडला. दलदल नकाशावर छापलीत तर मराठा बाजूचा खेळाडू तिला वळसा घालणार, खेळ संपला. म्हणून तिसरा माणूस पंच म्हणून बसवा. प्रशियाचे अधिकारी 1824 पासून असंच खेळत: दोन्ही बाजू पंचाला हुकूम देणार आणि तो त्यांना दिसेल तेवढंच सांगणार. अप्पा बळवंत चौकातून मोठा ड्रॉइंग पेपर आणा, सोंगट्यांच्या घरांसाठी षटकोन आखा, मुळा आणि टेकड्या काढा. दलदल फक्त पंचाच्या वहीत ठेवा, आणि दर डावाला तिची जागा त्याला हवी तशी बदलू द्या.